एक श्वास जास्त

१

खोलीत किती माणसं आहेत, हे तुम्ही कधी डोळे मिटून मोजलंय का? बोलणारी माणसं मोजणं सोपं. न बोलणारी मोजायची तर श्वास मोजावे लागतात, आणि त्यासाठी आधी आपला स्वतःचा श्वास वजा करावा लागतो.

ही बाई तेच करायची. तिची ती नोकरीच होती. एका फर्निचरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर लांबलचक हॉल होता. त्यात छत्तीस टेबलं, छत्तीस कॉम्प्युटर आणि छत्तीस बायका. खाली दिवसभर कुणीतरी लाकूड घासत असायचं, पण वर कुणाला ते ऐकू जायचं नाही, कारण सगळ्यांच्या कानांवर हेडफोन चढवलेले. त्यातून चाळीस सेकंदांचा एक तुकडा यायचा. तो ऐकायचा, जसाच्या तसा टाइप करायचा, पाठवून द्यायचा, की पुढचा तुकडा हजर. लोक इंटरनेटवरून एकमेकांशी जे बोलतात, त्याचे ते तुकडे होते. भरतीच्या वेळी सांगितलं होतं की सरकारी काम आहे, लोकांच्या सुरक्षिततेसाठी आहे, आणि नावं कुणाचीच नसतात, तेव्हा मनाला लावून घ्यायचं कारण नाही.

नावं खरंच नसायची. आवाजसुद्धा बदललेले असायचे. म्हातारा असो की शाळकरी पोरगी, सगळे एकाच पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखे. फक्त खोल्या बदललेल्या नसायच्या. पंख्याची घरघर, नळाची ठिबक, दाराची कुरकुर, सगळं होतं तसं. तेवढं राहून गेलं असावं, असं बाईला वाटायचं.

पानाच्या डोक्यावर पहिली ओळ असायची, ‘उपस्थित’. तिथं माणसांचा आकडा टाकायचा. बाकीच्या बायका आवाज मोजून आकडा टाकत. बाई श्वास मोजायची. कोपऱ्यात गप्प बसलेली सासू, पलंगावर जागं पडलेलं मूल, काही सुटायचं नाही तिच्या कानातून. आणि दुसरी गोष्ट म्हणजे तांबडी रेघ. माणूस खरं बोलण्याआधी श्वास घेतो आणि खोटं बोलण्याआधी धरतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दहावी झालेली साधी बाई ती. पण जिथं श्वास धरला गेला, त्या शब्दाखाली ती न चुकता तांबडी रेघ ओढायची. ऑफिसात त्याला ‘अडखळ’ म्हणत, आणि सगळ्यात जास्त अडखळी तिच्या असत. साहेबांनी दोनदा सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं होतं. तिला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला?

तिला चिडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. शेजारच्या टेबलावर एक बारीक, अखंड बोलणारी बाई होती, तिला सगळे चिमणी म्हणत. तिनं एकदा विचारलं, “ताई, तुम्ही रागावलात की करता काय?”

“भांडी घासते.”

“आणि फारच रागावलात तर?”

“घासलेली परत घासते.”

२

एका मंगळवारी तिला दोन भावांचं बोलणं आलं. एकाचा गुडघा दुखत होता, दुसरा त्याला तेल सुचवत होता. आवाज दोन. बाईनं डोळे मिटले, आपला श्वास वजा केला आणि मोजले. तीन.

तिनं हेडफोन पुसले. चिमणीचे मागून घेऊन लावले. तीनच.

तिसरा श्वास संथ होता. बोलणाऱ्या दोघांपेक्षा तो माइकच्या जवळ होता. कुणाचं बोलणं ऐकून तो जलद होत नव्हता, हसण्यानं हलत नव्हता. आपण पेपर वाचत असावं आणि खांद्यामागून दुसऱ्या कुणीतरी तोच पेपर वाचावा, तसा. बायको बसली असेल शेजारी, असं म्हणून बाईनं ३ लिहिलं.

त्यानंतरच्या तुकड्यात एक मुलगी परीक्षेची उत्तरं पाठ करून मैत्रिणीसाठी रेकॉर्ड करत होती. आवाज एक, श्वास दोन. त्यापुढचा तुकडा नळ सोडून रडणाऱ्या एका बाईचा. न्हाणीघरात जाऊन, कडी लावून रडत होती बिचारी. कडीचा आवाज होता ना. श्वास दोन. रडायला न्हाणीघरात जाणारी बाई सोबत कुणाला नेत नाही.

चार दिवसांनी साहेबांनी तिला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. साहेब मऊ बोलणारे, खांद्यावर स्वेटर टाकून बसणारे.

“ताई, तुमचा आकडा एकानं जास्त येतोय.”

“ऐकू येतं तेवढंच लिहिते, साहेब.”

“हो हो. पण तो लिहायचा नाही.”

मशीनचा आवाज असतो, तुमचा भ्रम आहे, असं काहीतरी ते पुढे म्हणतील म्हणून ती थांबली. ते काही म्हणाले नाहीत.

“तो म्हणजे?” तिनं विचारलं.

“तो सगळ्यांमध्ये असतो. सगळ्यांमध्ये आहे ते कशाला मोजायचं? आपण हवा मोजतो का?” आणि ते छान हसले.

टेबलाशी परत येताना बाईनं स्वतःची समजूत घातली. कॉम्प्युटरला पंखा असतो, तो फिरतो. वायरींमध्ये काहीतरी घुमत असेल. साहेब शिकलेले आहेत, त्यांना कळतं. तेव्हापासून ती मोजून झाल्यावर त्यातून एक कमी करायला लागली. आकडा बरोबर यायला लागला. पण एकदा ऐकलेलं कान विसरत नाहीत.

दुपारच्या सुट्टीत डबे उघडले की गप्पा ठरलेल्या. कुणाकुणावर नजर ठेवतात, कुणाचं काय वाचतात. चिमणी म्हणाली, “माझ्या फोनात काय सापडणार त्यांना? नवऱ्याला घातलेल्या शिव्या आणि सासूबाईंचे फोटो.”

“सासूबाईंचे फोटो?”

“तोंड वाकडं आलंय ते सगळे जपून ठेवलेत.”

हसून हसून एकीला ठसका लागला. बाईसुद्धा हसली आणि डब्याचं झाकण पुसता पुसता म्हणाली, “आपण काही केलंच नाही तर आपल्याला कसली भीती?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकं साधं, सरळ वाक्य.

चिमणीची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती उपस्थितांचा आकडा कधी आकड्यात लिहायची नाही. अक्षरात लिहायची. ‘एक’. ‘चार’. साहेब दर आठवड्याला तिला बोलत, “आकडा हवा, अक्षर नको.” ती दर आठवड्याला म्हणे, “हात वळत नाही हो, साहेब.” आणि परत अक्षरातच. श्वास वगैरे तिला काही ऐकू यायचे नाहीत. तिला ऐकू यायची ती बडबड, आणि तीसुद्धा स्वतःचीच, असं सगळ्या म्हणत.

३

बाईची एकुलती एक लेक सहा तासांवरच्या गावात नर्स होती. किडनीच्या रुग्णांचं रक्त जिथं मशीनवर शुद्ध करतात, त्या विभागात. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. घरात बाई एकटी आणि रोज संध्याकाळी फोनच्या पडद्यावर लेकीचा चेहरा. फोन ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवायचा आणि एकीकडे काम, एकीकडे बोलणं.

महिन्याभरापूर्वी लेकीनं तिला सांगितलं होतं. मशीनला लागणाऱ्या पाण्याचा फिल्टर सात महिने बदललेला नव्हता आणि वहीत मात्र दर महिन्याला बदलल्याची सही होती. अकरा रुग्णांना एकाच दिवशी थंडी भरून आली. त्यांतले दोघं घरी गेले नाहीत. वरिष्ठांना तिनं तोंडी सांगितलं, लेखी दिलं, काही झालं नाही. मग तिनं नाव न घालता ते सगळं इंटरनेटवर लिहिलं. हजारो लोकांनी वाचलं. दुसऱ्या आठवड्यात फिल्टर बदलला गेला, आणि तिसऱ्या आठवड्यात जाहीर झालं की अफवा पसरवणाऱ्याचा शोध सुरू आहे. ज्यानं वहीत खोटी सही केली, त्याचा नव्हे.

“कुणाला बोललीस?” बाईनं गेल्या रविवारी विचारलं होतं.

“नाही गं. कुणालाच नाही.”

“झोप लागते का?”

“लागते.”

ओट्याखालच्या ड्रॉवरची खडखड झाली.

“आई, तू चमचे शोधतेयस की भांडतेयस त्या ड्रॉवरशी?”

तो ड्रॉवर म्हणजे या घरातला एक विनोदच होता. नवऱ्यानं स्वतःच्या हातानं बसवलेला, म्हणून तिरका, आणि त्यानं बसवलेला म्हणूनच बाईनं तो कधी बदलला नाही. दोनदा ओढायचा, अडकला की उजव्या कमरेचा एक धक्का, मग तो खडखडत बाहेर यायचा. त्या दिवशीही आला. लेक हसली. बाईला वाटलं, हसतेय म्हणजे बरी आहे.

४

त्या दिवसांत ऑफिसात पाण्याचे तुकडे खूप येत होते. सगळा देशच पाण्याबद्दल बोलत होता म्हणा ना. त्यामुळे गुरुवारी सकाळी आलेल्या तुकड्यात पाण्याचं नाव निघालं तेव्हा बाईचा हात थबकला नाही. तिनं नेहमीसारखं टाइप केलं:

पहिला आवाज: ते पाण्याचं अजून चाललंय का?
दुसरा आवाज: चाललंय. शोधतायत म्हणे.
पहिला आवाज: कुणाला बोललीस?

इथं दुसऱ्या आवाजानं श्वास धरला. अगदी चिमूटभर.

दुसरा आवाज: नाही गं. कुणालाच नाही.

बाईनं ‘नाही’खाली तांबडी रेघ ओढली.

पहिला आवाज: झोप लागते का?

परत धरला.

दुसरा आवाज: लागते.

परत रेघ. मग खोलीतले आवाज: लाकडी खण. दोनदा ओढण्याचा आवाज. धक्का. खडखड. तुकडा तिथंच संपला.

तिनं श्वास मोजले. तीन. एक कमी केला आणि वर लिहिलं, उपस्थित: २. बटण दाबलं. पान गेलं.

आणि ‘धक्का’ हा शब्द टाइप करताना आपली उजवी कंबर खुर्चीत जराशी हलली होती, हे तिला पान गेल्यावर कळलं.

पुढचा तुकडा कानात सुरू झाला होता, कुणीतरी कुणाला पत्ता समजावत होतं, तिला एक अक्षर कळेना. घरोघरी ड्रॉवर असतात, अडकतातही, तिनं स्वतःला सांगितलं. पण कंबर खोटं बोलत नाही. वर्षानुवर्षं रोज दिलेला धक्का होता तो.

म्हणजे लेकीला झोप लागत नव्हती. म्हणजे ती कुणाला तरी बोलली होती. रविवारी समोरासमोर ऐकताना बाईला यातलं काही कळलं नव्हतं. आई म्हणून जे ऐकू आलं नाही, ते नोकर म्हणून ऐकू आलं, आणि तिनं त्याखाली स्वतःच्या हातानं रेघ ओढून ते पाठवून दिलं होतं.

मग तिला तिसरा श्वास आठवला. तो लेकीच्या बाजूचा नव्हता. लेकीच्या बाजूचा आवाज इंटरनेटवरून येतो, त्याला एक पातळ साय असते. हा श्वास स्वच्छ होता. ओट्याजवळचा होता.

तिला घाम फुटायला हवा होता. फुटला नाही. तिच्या हातांना भांडी हवीशी झाली. घासलेली, परत घासायला.

५

“साहेब, माझं मघाचं पान परत द्या.”

साहेबांनी वर पाहिलं. “काही चुकलं का, ताई?”

“चुकलं. ते माझं घर आहे.”

“असं कसं म्हणता? आवाज तर बदललेले असतात.”

“आवाजावरून नाही. ड्रॉवरवरून. तो माझ्या नवऱ्यानं बसवलाय. ते माझं स्वयंपाकघर आहे, आणि माझ्या स्वयंपाकघरात मी काय बोलते ते चाळीस चाळीस सेकंदांनी कापून इथं आणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?”

तिचा आवाज चढला नव्हता. उलट खाली गेला होता. साहेबांनी समोरचा कागद ओढला, पेन उघडलं आणि काहीतरी लिहिलं. लिहून झाल्यावर त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, “आभारी आहे, ताई.”

“कशाबद्दल?”

“कायदा फार कडक आहे. लोकांच्या खाजगीपणाचा प्रश्न असतो ना. नावं, नंबर, पत्ते, सगळं काढूनच तुकडे आमच्याकडे येतात. कुणाचं आहे, हे आम्हाला विचारता येत नाही. पण कुणी आपणहून सांगितलं, तर तो भंग होत नाही.”

बाईची नजर त्यांच्या बोटाखालच्या कागदाकडे गेली.

“टाइप तर मशीनही करतं, ताई,” साहेब मऊपणे म्हणाले. “माणसं कशाला ठेवली असती आम्ही?”

काचेपलीकडे पस्तीस डोकी खाली वाकलेली होती. पस्तीस जणी दुसऱ्यांची घरं ऐकत होत्या, आणि त्यांच्यातली प्रत्येक जण आपलं घर कधी येईल याची वाट बघायला बसवलेली होती. खोल्यांचे आवाज राहून गेले नव्हते. ठेवले होते.

“आता दुसरा आवाज कुणाचा, तेवढं सांगितलंत तर बरं होईल,” साहेब म्हणाले.

तिनं ओठ मिटले. एकदा मूर्खपणा झाला होता, दुसऱ्यांदा होणार नव्हता.

“नका सांगू. सकाळपर्यंत कळेलच.”

ती उठली. दाराशी जाऊन थांबली. “साहेब, तो तिसरा. तो तुमच्याही घरात आहे का?”

साहेबांनी श्वास धरला. अगदी चिमूटभर. मग म्हणाले, “नाही.”

“तांबडी रेघ,” बाई म्हणाली आणि बाहेर पडली.

टेबलावरून डबा उचलताना चिमणीनं हेडफोन काढून विचारलं, “काय झालं हो? चेहरा असा का?”

“काही नाही. तुझ्या न्हाणीघरात, झोपायच्या खोलीत, जिथं म्हणून तू एकटी असतेस असं तुला वाटतं, तिथं जाऊन एकदा तोंड बंद ठेवून बस. आणि मोज.”

“म्हणजे?”

“मोज म्हटलं ना. आणि काहीही ओळखीचं ऐकू आलं, तर ओळखू नकोस.”

६

घरी पोचली तेव्हा चार वाजले होते. खिडकीतून ओट्यावर स्वच्छ ऊन पडलं होतं.

लेकीला कळवायचं कसं? फोन केला तर तो नवा तुकडा. शेजारणीचा फोन मागितला तर शेजारीण तुकड्यात. लेकीच्या गावची शेवटची गाडी दुपारीच निघून गेलेली, आणि उद्या पहाटे निघालं तरी आपणच त्यांना तिच्या दारापर्यंत नेणार. तिनं फोन बंद केला, जुन्या चादरीत गुंडाळला, झोपायच्या खोलीतल्या कपाटात ठेवून कपाटाला कुलूप घातलं. स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसली. पंखा बंद केला. नळ घट्ट पिळला. डोळे मिटले.

आपला श्वास वजा केला.

काही नाही. शेजारच्या जिन्यात कुणीतरी चप्पल झटकली. एक गाडी गेली. मग शांतता झाली आणि त्या शांततेत, तिच्या डाव्या हाताला, तो होता.

फोन तर दोन भिंतींपलीकडे कुलपात होता.

तिनं आपला श्वास रोखला. त्यानंही रोखला, पण जरासा उशिरा. लपलेलं माणूस रोखतं तसा. बाईच्या कानांनी अशा हजारो अडखळी पकडल्या होत्या, हीही पकडली. ती न उठता डावीकडे वळली. ओट्याखालून येत होता. ड्रॉवरमधून.

उठून पळून जावं, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण भीतीच्या वर काहीतरी होतं, आणि ते तिला ढकलत होतं. या ओट्याशी तिनं नवऱ्याच्या आजारपणात रात्र रात्र कपाळ टेकवलं होतं. इथंच लेकीच्या पहिल्या पगाराचं पत्र वाचलं होतं. इथं एकटी आहोत असं समजून ती स्वतःशी बोलली होती, रडली होती, एकदा तर चक्क नाचली होती. त्या सगळ्याला हा हजर होता?

“काय रे,” ती म्हणाली, “इतकी वर्षं माझ्या घरात राहिलास. एकदा कपबशी तरी विसळायची होतीस.”

ड्रॉवरमध्ये श्वास संथपणे चालूच राहिला.

तिनं ड्रॉवर ओढला. परत ओढला. कमरेचा धक्का दिला, जरा जास्तच जोराचा, आणि तो खडखडत बाहेर आला. आत चमचे होते, दोन सुऱ्या, एक गाळणी, रबरं. बाकी काही नव्हतं. चमचे ओळीनं पडले होते, उन्हात लखलखत. एक सोडून.

सगळ्यात कडेच्या चमच्याच्या पाठीवर वाफ धरली होती. बाई बघत होती तोवर ती वाफ आक्रसत आक्रसत हरभऱ्याएवढी झाली. मग परत पसरली. मग परत आक्रसली.

किती वेळ ती उभी होती कोण जाणे. ऊन ओट्यावरून भिंतीवर चढलं. तिचं मन मात्र थांबलेलं नव्हतं. ते तो तुकडा उलटसुलट करून बघत होतं. कुणाला बोललीस? नाही गं. झोप लागते का? लागते. कोण विचारतंय आणि कोण सांगतंय? ज्यानं लिहिलं तो घाबरून दुसऱ्याला विचारणार नाही का, की कुणाला बोललीस म्हणून? तुकडा दोन्ही बाजूंनी वाचता येत होता. आणि दुसऱ्या बाजूनं वाचला तरी तिच्या तांबड्या रेघा जिथल्या तिथं बसत होत्या.

आता खोटं बोलायला हवं होतं. आयुष्यात कधी न बोललेलं, इतकं मोठं. पण खोटं कुठं पकडलं जातं, हे तिच्याइतकं त्या हॉलमध्ये कुणाला ठाऊक होतं? ओठ आधीच उघडे ठेवायचे. श्वास धरायचा नाही, घ्यायचाही नाही. सोडता सोडता पहिला शब्द टाकायचा.

तिनं स्टूल ओढून ड्रॉवरसमोर घेतलं आणि बसली.

“नीट ऐक,” ती म्हणाली. “पाण्याचं ते मी लिहिलंय. लेक आईशी बोलते तशी ती माझ्याशी बोलली, ड्युटीवरून दमून आली की बोलायची. मी तिला न विचारता लिहिलं. कळलं तेव्हा ती माझ्यावर चिडली, म्हणून तिला झोप नाही. कुणाला सांगू नकोस, असं मीच तिला बजावलं होतं. अकरा माणसांना थंडी भरली आणि तुम्ही सही करणाऱ्याला सोडून लिहिणाऱ्याला शोधता, याची मला चीड आली. म्हणून लिहिलं. अजून चीड आहे. उद्या परत लिहीन.”

शेवटची दोन वाक्यं बोलताना तिला काही जपावं लागलं नाही.

चमच्यावरची वाफ हरभऱ्याएवढी होऊन थांबली होती. ती बोलायची थांबली तरी पसरेना. बाई वाट बघत राहिली. कुणीतरी पानावर मान खाली घालून लिहितंय आणि लिहून होईतो श्वास घ्यायला विसरलंय, असं तिला वाटलं. मग हळूच, पूर्ण चमचाभर, ती वाफ पसरली.

बाईनं तो चमचा उचलला. थंडगार होता. तिनं राख घेतली, काथ्या घेतला आणि चमचा घासायला बसली. मग दुसरा घेतला. मग सगळे.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दोन माणसं आली. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि तिच्यापुढे टाइप केलेलं एक पान धरून, हे तुमचंच बोलणं का, असं विचारलं. बाईनं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. तिचं बोलणं शब्दाला शब्द होतं, आणि कुठंही तांबडी रेघ नव्हती. वर उपस्थितांच्या ओळीत आकड्याऐवजी अक्षरात लिहिलं होतं: ‘दोन’. तिनं सही केली, ड्रॉवर लावला आणि त्यांच्याबरोबर जिना उतरली. आठ वाजता लेक नेहमीप्रमाणे ड्युटीवर हजर झाली. तिला कुणी काही विचारलं नाही.